वजनकाट्यावरचं पुणे

कोथरूडमध्ये वनाजच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी मेट्रोचा डेपो आहे. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो पहिल्यांदा धावली, तेव्हापासून गाड्या रात्री तिथे मुक्कामाला येतात. जुने कोथरूडकर मात्र त्या जागेला अजूनही ‘कचरा डेपो’च म्हणतात, कारण एके काळी पुण्याचा कचरा खरोखरच तिथे येऊन पडायचा. पुढे कोथरूड वाढलं, घरं डेपोला येऊन टेकली, वास सहन होईना. मग कचऱ्याच्या गाड्यांची तोंडं शहराच्या दुसऱ्या टोकाला वळली, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे.

तिथे काय झालं हे पुणेकर वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचत आले आहेत. दीडशे एकरांहून मोठ्या जागेत ढीग चढत गेले. त्यांतून पाझरणारं काळं पाणी जमिनीत मुरलं आणि विहिरी नासल्या. ज्या गावांना स्वतःचं पाणी होतं, ती टँकरवर आली. उन्हाळ्यात ढिगांना आगी लागायच्या आणि धूर दिवसेंदिवस हटायचा नाही. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. प्रत्येक वेळी पुण्याच्या चौकाचौकांत कंटेनर ओसंडून वाहिले, बैठका झाल्या, आश्वासनं मिळाली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २०१७मध्ये ११ गावं महापालिकेत आली, त्यांत ही दोन गावंही होती. म्हणजे शहर वाढता वाढता आपल्याच उकिरड्यापर्यंत जाऊन पोहोचलं. पुढे या दोन गावांना पालिकेतून पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. ढीग अर्थात जिथे होते तिथेच राहिले.

२०२१मध्ये आणखी २३ गावं आली. पुण्याचं क्षेत्रफळ ५००हून अधिक चौरस किलोमीटर झालं आणि विस्ताराच्या बाबतीत पुणे महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. रोजचा कचरा २,००० टनांच्या वर गेला आहे. तो टाकायला आता ‘गावाबाहेर’ म्हणावी अशी जागाच उरलेली नाही. जिकडे जावं तिकडे कुणाची तरी सोसायटी आहे, कुणाचं तरी शेत आहे, कुणाची तरी विहीर आहे.

वाढणाऱ्या शहराने कमी वस्तूंत, कमी पाण्यात कसं भागवावं याची चर्चा हल्ली मोठमोठ्या सभागृहांत होते. माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं उत्तर पुण्यात ३० वर्षांपूर्वीच सापडलं होतं, आणि ते शोधणाऱ्या बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या. वस्तू वाचते कुठे, तर जिथे तिला कुणाचा तरी हात लागतो, ती काट्यावर चढते आणि तिचे पैसे कुणाच्या तरी पदरात पडतात. पुण्यात ज्या-ज्या गोष्टीला असा हात आणि असा काटा मिळाला ती वाचली. उरलेली वाया गेली आणि आजही चालली आहे.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबं पुण्याला आली, त्यांतल्या अनेक बायका कचरा वेचण्याच्या कामाला लागल्या. बहुतेक दलित समाजातल्या. पाठीवर गोणी टाकायची, भल्या पहाटे निघायचं, कुंड्या उपसायच्या. कुत्री चावायची, पोलीस चोर समजून हटकायचे. त्या वेचून आणत असलेला कागद, पत्रा, काच आणि प्लास्टिक भंगारवाल्याकडून गोदामात आणि तिथून कारखान्यात जायचं. शहराच्या हिशेबात याची कुठेही नोंद नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या बायकांपर्यंत पोहोचल्या. अक्षरओळख शिकवायला गेलेल्यांच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा झाला, तर या बायकांना उकिरड्यात हात घालावा लागणार नाही आणि मालही कोरडा, चांगल्या भावाचा मिळेल. बाबा आढाव तेव्हा हमाल पंचायतीचं काम कित्येक वर्षं करत होते. हमालाला संघटित करता येतं तर वेचणारीलाही करता येईल, हा विश्वास तिथून आला. मे १९९३मध्ये पुण्यात ८००हून अधिक कचरावेचक एकत्र जमले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली.

पंचायतीने पहिली मोठी लढाई लढली ती ओळखपत्रासाठी. पालिकेच्या मान्यतेचं ते कार्ड गळ्यात आलं आणि रस्त्यावरच्या हटकण्याला उत्तर मिळालं. दुसरी लढाई आकड्यांची होती. २००१मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कचरावेचकांचा अभ्यास झाला. त्यातून दिसलं की या बायका जेवढं वेचतात तेवढा कचरा पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. म्हणजे पालिकेचा वाहतुकीचा खर्च त्या स्वतःच्या पाठीवर उचलत होत्या. त्यानंतर २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून कामाला लागली. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी ठरलेलं शुल्क घ्यायचं, ओला कचरा पालिकेच्या गाडीला द्यायचा आणि सुक्यातला विकण्याजोगा माल स्वतः विकायचा. संस्थेच्या मालक कचरावेचक स्वतःच. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या वर आहे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते एकदा सकाळी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं थांबून पाहावं. जिन्यातून खाली आलेले सुक्या कचऱ्याचे डबे ताडपत्रीवर रिकामे होतात. पुठ्ठा एका बाजूला. पिझ्झाचं खोकं हाताने चाचपून तेलकट असेल तर बाजूला, कोरडं असेल तर पुठ्ठ्यात. वर्तमानपत्र वेगळं, वहीचा पांढरा कागद वेगळा, कारण दोन्हींचे भाव वेगळे. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून काढलं जातं, कारण झाकणाचं प्लास्टिक निराळं आणि बाटलीचं निराळं. बिअरची अख्खी बाटली जपून ठेवायची, ती पुन्हा भरायला जाते. फुटली की नुसती काच, वजनाला जड आणि भावाला हलकी. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर चांगली विकली जाते, न धुतलेली दुसऱ्या दिवशी आंबते आणि सगळ्या गोणीला वास लावते. कुणी वहिनी वरून डबा घेऊन येतात, त्यात केळीची सालं आणि औषधाची बाटली एकत्र असते. कचरा निवडणाऱ्या मावशी काही बोलत नाहीत, डबा तिथेच उपडा करून दोन्ही वेगळं करून दाखवतात. हे पाहिल्यावर वहिनींचा डबा बहुधा दुसऱ्या दिवसापासून सुधारतो. भित्तिपत्रकांनी आणि जाहिरातींनी जे साधत नाही ते रोज समोर येणाऱ्या माणसाच्या भिडेने साधतं.

याच ताडपत्रीवर शेवटी जे उरतं त्याकडेही पाहायला हवं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्मोकोल, चपलांचे तळवे, फाटक्या उशा. यांना भाव नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना इतके चिकटवलेले असतात की ते सुटे करणंच परवडत नाही. पुण्यातल्याच एका तरुण उद्योगाने, ‘विदाउट’ने, अशा पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवले, तेव्हा देशभर बातमी झाली. ती बातमी झाली यावरूनच हे काम किती अवघड आहे ते कळतं. ज्या कंपनीने हे पाकीट बाजारात आणलं तिच्यावर ते परत घेण्याची जबाबदारी केंद्राच्या नियमांनी टाकली आहे. पण ते पाकीट पार्किंगमध्ये बसून निवडणाऱ्या बाईच्या हातात त्या जबाबदारीतला रुपया सहज पोहोचत नाही. तो पोहोचला तर वेफर्सची पाकिटंही पुठ्ठ्यासारखी गोणीत भरली जातील, याबद्दल मला शंका नाही.

सॅनिटरी पॅडचं असंच. कागदात न गुंडाळता फेकलेलं पॅड उघड्या हातांनी उचलावं लागणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपमान होता. कचरावेचकांनी त्यासाठी ‘रेड डॉट’ मोहीम काढली. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, इतकंच सांगणं. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायलाही त्यांनी सुरुवात केली. ज्या विषयावर घरात मोठ्याने बोललं जात नव्हतं, त्यावर कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी दारात उभं राहून बोलणं सुरू केलं. मला हे फार मोठं वाटतं.

जगात हा प्रयोग एकट्या पुण्याने केलेला नाही. कैरोमध्ये झब्बालीन लोक पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा कचरा नेत आणि त्यातला बहुतेक भाग पुन्हा वापरात आणत. २००३च्या सुमारास तिथल्या सरकारने युरोपीय कंपन्यांना कंत्राटं दिली. मोठ्या गाड्या गल्ल्यांत शिरेनात, दारावरून कचरा उचलणं बंद झालं आणि लोक वैतागले. शेवटी झब्बालीनांकडेच परत वळावं लागलं. कोलंबियातल्या बोगोटामध्ये न्यायालयाने कचरावेचकांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१३पासून त्यांना वेचलेल्या मालाच्या वजनावर शहराकडून मोबदला मिळू लागला. पुण्यात मात्र ‘स्वच्छ’च्या कराराची मुदत संपायची वेळ आली की दरवेळी तोच वाद नव्याने सुरू होतो. मोठा ठेकेदार, मोठ्या गाड्या आणि दाबून भरलेला कचरा यांचं आकर्षण कार्यालयांना सुटत नाही. दाबलेल्या गाडीत ओलं-सुकं एक होतं, आणि टनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला कचरा कमी होण्यात काहीच रस नसतो, हे ध्यानात घेतलं तर त्या आकर्षणाची किंमत कळते.

ओल्या कचऱ्याला असा वेचणारा हात नाही, म्हणून त्याची कहाणी इतकी उजळ नाही. खरं तर ज्ञान इथे भरपूर आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर, पिठावर चालणारं लहानसं बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि त्याला २००६मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पालिकेने पाच टनांचे सुमारे २५ बायोगॅस प्रकल्प वेगवेगळ्या प्रभागांत बांधले. त्यांतले कितीतरी क्षमतेपेक्षा खूप कमी चालले, काही बंद पडले. कारण तेच. आत जाणाऱ्या ओल्या कचऱ्यात प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, चमचे निघतात आणि यंत्र अडतं. ते निवडायला माणूस नेमलेला नसतो. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सवलत पालिका देते. योजना उत्तम आहे. पण सवलत दरवर्षी मिळत राहिली आणि खड्डे कोरडे पडले, असंही घडलं. बंद प्रकल्पांची सवलत काढून घेण्याचं काम पालिकेला हाती घ्यावं लागलं. हडपसरची मगरपट्टा सिटी याला अपवाद आहे. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी न विकता एकत्र केल्या आणि ४०० एकरांहून मोठी नगरी वसवली. तिथे कचरा आतच वेगळा होतो आणि ओल्याचं खत, गॅस तिथेच होतो, कारण रोज पाहणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून नगरीच्या खर्चातच धरलेली आहे.

गणपतीचा विषय पुण्यात टाळता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात महिनोन्‌महिने विरघळत नाही, म्हणून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. बादलीतल्या पाण्यात तो खाण्याच्या सोड्यासारखा पदार्थ टाकायचा, मूर्ती हळूहळू विरते आणि उरतं ते खताच्या उपयोगाचं द्रावण आणि खडूची भुकटी. पालिकेने तो घरोघर वाटला. दुसरीकडे ‘पुनरावर्तन’ मोहिमेने त्याहून साधा प्रश्न विचारला. शाडू माती गुजरातहून खणून आणायची आणि एका मूर्तीसाठी वापरून विसर्जित करायची, हे दरवर्षी का? विसर्जनानंतर बादलीच्या तळाशी बसलेला शाडू वाळवून मूर्तिकारांना परत दिला तर पुढच्या वर्षीचा गणपती त्याच मातीतून होतो. मला दुसरी वाट अधिक पटते. पहिलीत आपण चुकीची वस्तू आणून मग ती निस्तरतो, दुसरीत वस्तूच पुन्हा कामाला येते.

आता पाण्याकडे. इथे काटा जवळजवळ नाहीच.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी साठा होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. याच साठ्यावर पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूर तालुक्यांतली शेती यांचा हक्क आहे. महापालिका यातून वर्षाला २० टीएमसीच्या घरात पाणी उचलते आणि जलसंपदा खात्याशी दरवर्षी खडाजंगी होते. माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरून एक साधा गुणाकार करून पाहा. ५० लाख लोकांना वर्षभरात पावणेनऊ टीएमसी पुरायला हवं. लोकसंख्या ७० लाख धरली, तरी हिशेब १२ टीएमसीच्या आसपासच थांबतो. दुकानं, दवाखाने, कारखाने, रोज बाहेरून येणारी माणसं, सगळं जमेस धरूनही मध्ये मोठी फट राहते. गळती एक तृतीयांशाहून जास्त असल्याचं पालिकाच सांगत आली आहे. नेमकी कुठे, ते सांगता येत नाही, कारण मोजलेलं नाही.

पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शहरातल्या हौदांत येई. घागर डोक्यावरून आणणाऱ्या बाईला घरात किती पाणी लागतं ते मोजायची गरज नव्हती. तिच्या मानेला ते माहीत असे. तो त्रास परत यावा असं कुणीच म्हणणार नाही. पण नळ आल्यावर मोजणारं कुणीच उरलं नाही, हेही खरं. बहुतेक पुणेकर घरांची पाणीपट्टी मिळकतकरात जाते. ३०० लिटर वापरा की ३,०००, आकडा तोच. समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडून प्रत्येकात येणारं पाणी आणि घरात पोहोचलेलं पाणी ताडून पाहायचं ठरलं. टाक्या बांधल्या, जलवाहिन्या टाकल्या, लाखो मीटर बसवायला घेतले. अनेक भागांत मीटरला विरोध झाला, ‘आता पाणीही विकत घ्यायचं का’ म्हणून. गरिबाच्या घरी जेवढं पाणी लागतं तेवढं फुकट किंवा नाममात्र दरात द्यावं, हे मला मान्य आहे. पण बंगल्यातली गाडी रोज नळीने धुतली जाते तिचं पाणी आणि नव्याने आलेल्या गावात आठवड्यातून दोनदा टँकर येतो तिथलं पाणी एकाच धरणातलं आहे. मीटर नको म्हणताना हे दोन्ही डोळ्यांसमोर असायला हवं.

समाविष्ट गावांचं दुखणं जानेवारी २०२५मध्ये साऱ्या देशाला दिसलं. सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी परिसरात गुलेन बारे सिंड्रोमची साथ पसरली आणि संशय दूषित पाण्यावर आला. ही गावं खडकवासला धरणाच्या अगदी कुशीत आहेत. तरी तिथल्या घरांपर्यंत शुद्ध केलेलं पाणी पोहोचलेलं नव्हतं.

वापरलेल्या पाण्याचं काय होतं, तेही पाहू. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी कालव्यात सोडायचं आणि तेवढं धरणाचं शुद्ध पाणी शहरासाठी वाचवायचं, अशी देवाणघेवाण ठरली. वर्षाला साडेसहा टीएमसीची. कागदावर हा व्यवहार फार चांगला आहे. मात्र नदीत प्रक्रिया न केलेलं पाणीही मिसळतं, आणि खालच्या शेतकऱ्यांनी त्या पाण्याच्या दर्जाबद्दल सतत तक्रार केली. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ११ नवे मैलाशुद्धीकरण प्रकल्प, एकूण ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेचे, मंजूर झाले ते २०१६च्या सुरुवातीला. प्रत्यक्ष काम मार्गी लागायला कित्येक वर्षं गेली. अलीकडे बांधकामांसाठी प्रक्रिया केलेलंच पाणी वापरायची सक्ती झाली आणि त्याचे टँकर ॲपवर मागवता येऊ लागले. ही सगळ्यात आशेची गोष्ट म्हणावी लागेल, कारण टँकर मोजला जातो. कुठून निघाला, कुठे गेला, किती लिटर होता, सगळं नोंदवलं जातं.

बांधकामाचा विषय निघालाच आहे तर राडारोड्यावर थोडं थांबायला हवं. पुण्यात सध्या सगळ्यात जास्त घडतं आहे ते पुनर्विकासाचं काम. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या तीन मजली सोसायट्या पाडून तिथे दहा-बारा मजले चढतात. २०२०मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने त्याला बळ मिळालं. पाडकामाच्या वेळी एकदा बघा. आधी खिडक्यांच्या जाळ्या, दारं, चौकटी, नळ निघतात. त्यांना गिऱ्हाईक आहे. शहाबादी फरशी जपून सोडवतात. मग घणाने स्लॅब फोडून आतली सळई ओढून काढतात, तिला वजनावर भाव. शेवटी उरतात विटा, काँक्रीट, प्लॅस्टरचे तुकडे, यांना भाव नाही. ते रात्री डंपरमध्ये भरून जातात आणि कधी नाल्याच्या काठावर, कधी नदीपात्रात, कधी टेकडीच्या उतारावर पडतात. पावसाळ्यात मुठेला पाणी आलं की हाच राडारोडा पात्र अडवतो आणि काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरतं.

वाघोलीला पालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. तिथे काँक्रीट दळून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक करता येतात. त्याच वाघोलीच्या आसपास दगडखाणी आहेत, जिथे डोंगर फोडून नव्या इमारतींसाठी खडी निघते. खाणीची खडी स्वस्त पडते, कारण डोंगराला कुणी भाव लावलेला नाही, आणि राडारोडा वाघोलीपर्यंत नेण्याचा खर्च टाळायला नदी जवळ आहे. पाडकामाचा परवाना देतानाच किती टन निघणार ते लिहून घेतलं आणि तेवढ्याच टनाची वाघोलीच्या काट्याची पावती दाखवल्याशिवाय नव्या इमारतीचं काम पुढे जाऊ दिलं नाही, तर नदीपात्रात जाणारे डंपर फार लवकर कमी होतील.

पुण्यातल्या कित्येक सोसायट्या सध्या बिल्डरशी करारनामे करत आहेत. बैठकांत तासन्‌तास चालतं ते वाढीव चौरस फुटांवर, पार्किंगवर, दरमहा भाड्याच्या रकमेवर. त्याच करारात आणखी तीन कलमं सहज बसतात: तळमजल्यावर नळ आणि उजेड असलेली, कचरा वेगळा करायला आणि सुका माल दोन दिवस ठेवायला पुरेल अशी एक खोली, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र पाण्याचा मीटर, आणि संडासातल्या फ्लशच्या टाक्यांपर्यंत येणारी, प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी पाइपलाइन. इमारत उभी राहिल्यावर यांतली एकही गोष्ट भिंती फोडल्याशिवाय करता येत नाही. नकाशावर असताना मात्र तिन्हींचा खर्च लॉबीतल्या इटालियन मार्बलपेक्षा कमी येतो. कचऱ्याच्या खोलीला दार कोणत्या बाजूला हवं आणि ढकलगाडी आत यायला उतार किती लागतो, हे ठरवण्याआधी रोज येणाऱ्या मावशींना विचारून घ्यावं. त्यांच्याइतकं ते वास्तुविशारदालाही माहीत नसतं.